नायक गप्प, संगीत बोलते

शाळेच्या स्नेहसंमेलनातले एखादे ऐतिहासिक नाटक आठवून पाहा. शेवटच्या प्रवेशात दुष्ट सरदार धाडकन कोसळतो आणि त्याच क्षणी पडद्यामागे ढोल-ताशे वाजू लागतात. तुतारी फुंकली जाते, प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात. शत्रू पडला की विजयाची वाद्ये वाजायची, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही ठरवून केलेले असते हेही आपल्या ध्यानात येत नाही.

आता दुसरे एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. दूरवर पसरलेला ओसाड प्रदेश. तेथील एका पुरातन मंदिरात एका तरुणाने मृत मुलीला आणून ठेवले आहे. ती पुन्हा जिवंत व्हावी एवढीच त्याची इच्छा. एक अदृश्य शक्ती त्याला सांगते, ‘या प्रदेशात सोळा महाकाय प्राणी आहेत. त्या सर्वांना ठार कर, मग पाहू. मात्र याची किंमत तुला फार जबर पडेल.’ तरुण म्हणतो, पडू दे. घोड्यावर बसून तो निघतो. पहिला प्राणी त्याला सापडतो तेव्हा तो जणू चालता-फिरता डोंगरच असतो! त्याच्या अंगावरच्या केसांना धरून वर चढायचे, मर्मस्थान शोधायचे आणि तेथे तलवार खुपसायची. मोठ्या धडपडीनंतर तो प्राणी गुडघ्यांवर येतो आणि कोसळतो.

सांगा पाहू, या क्षणी कोणते संगीत वाजावे? तुम्ही म्हणाल, ढोल-ताशे! पण येथे वाजते ते संथ, उदास संगीत. एखाद्या थोर माणसाच्या अंत्ययात्रेत शोभावे असे. टाळ्यांसाठी उचललेले हात तिथल्या तिथे थांबतात.

हे दृश्य ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या व्हिडिओ गेममधले आहे. हा खेळ २००५ साली जपानमध्ये तयार झाला. त्याचे दिग्दर्शक फुमितो उएदा आणि संगीतकार को ओतानी. यातला वाँडर नावाचा नायक फारसा बोलतच नाही. ‘मी करतो आहे ते बरोबर आहे का?’ असा प्रश्न तो एकदाही तोंडाने विचारत नाही. तरीही त्याच्या मनात काहीतरी खुपते आहे, हे खेळणाऱ्याला कळते. कसे कळते? कानांवाटे. हे काम संगीत कसे करते, आणि त्यामागे संगणकाची करामत किती व ध्वनिशास्त्र किती, हेच या लेखात आपण पाहणार आहोत.

संगीतकाराची पंचाईत

चित्रपटाच्या संगीतकाराचे एका बाबतीत बरे असते. नायिका पत्र उघडते ते बाराव्या मिनिटाला, आणि रडू लागते ते त्यानंतर चाळीस सेकंदांनी, हे त्याला आधीच ठाऊक असते. घड्याळ लावून तो स्वर बसवू शकतो. शंभर वेळा चित्रपट पाहिला तरी ते पत्र त्याच क्षणी उघडणार.

व्हिडिओ गेमचे तसे नाही. तेथे नायकाला चालवणारे तुम्ही! तुम्ही लढाईत घुसाल, नाहीतर अर्धा तास तळ्याकाठी घोडा फिरवत बसाल. एकाला जी लढाई तीन मिनिटांत जिंकता येते, तीच दुसऱ्याला तासभर पुरते. म्हणजे खेळासाठी नुसती धून रचून भागत नाही. ‘असे घडले तर हे वाजव, तसे घडले तर ते वाजव’ असे नियमही धुनेबरोबर लिहावे लागतात. ते नियम पाळण्याचे काम संगणक करतो.

याची सुरुवात फार साधी होती. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. परग्रहावरच्या आक्रमकांच्या रांगा पडद्यावर हळूहळू खाली सरकतात आणि आपण त्यांना टिपायचे, एवढाच खेळ. त्याचे संगीत म्हणजे खाली उतरणारे अवघे चार स्वर, पुन:पुन्हा वाजणारे. पण गंमत अशी की, आक्रमक कमी होऊन उरलेले जसजसे वेगाने सरकू लागत, तसतशी या चार स्वरांची लयही वाढत जाई. धून तीच, स्वर तेच. तरी खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होई. खेळातल्या घटनेनुसार संगीत बदलले की मन त्याच्यामागे धावते, हे या चार स्वरांनी दाखवून दिले.

समेची वाट पाहणारा संगणक

लय वाढवणे सोपे. पण एक धून थांबवून दुसरी सुरू करायची असेल तर? मध्येच तोडली तर कानाला धक्का बसतो. रेडिओचे केंद्र कोणीतरी फटकन बदलावे तसे वाटते.

यावर आपल्या मैफलींत एक जुना उपाय आहे. गायकाने कितीही लांब तान घेतली तरी तो समेवर येतो, आणि नवी लय धरायची तर तीही समेपासूनच. अमेरिकेतील लुकासआर्ट्स या कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोन संगीतकारांनी संगणकाला जवळपास हेच शिकवले. त्यांनी ‘आयम्यूज’ नावाची एक प्रणाली तयार केली आणि ती १९९१ साली ‘मंकी आयलंड २’ या खेळात प्रथम वापरली गेली. खेळणारा एका जागेतून दुसरीकडे गेला की संगणक लगेच धून तोडत नसे. तो योग्य मात्रा येईपर्यंत थांबे आणि तेथून नव्या धुनेत अलगद शिरे.

संगीत बदलण्याची दुसरी पद्धत थरांची. गावच्या भजनी मंडळाची कल्पना करा. एकतारी, पेटी, पखवाज आणि टाळ असे सगळे एकाच वेळी वाजत आहेत, पण प्रत्येकापुढे वेगळा ध्वनिक्षेपक आहे आणि सगळ्यांच्या किल्ल्या तुमच्या हाती आहेत. तुम्ही फक्त एकतारी ऐकू येऊ दिलीत तर एकांत वाटेल. पखवाज वाढवलात तर जोर येईल. टाळ सोडलेत तर उत्साहाला उधाण येईल. अभंग एकच, तरी तीन वेगळे भाव! संगणकही असेच करतो. एकाच धुनेचे पाच-सहा थर तो एकत्र चालू ठेवतो आणि प्रसंग पाहून एकेकाचा आवाज कमी-जास्त करतो.

आता वाँडरच्या खेळाकडे परत या. तो मोकळ्या रानातून घोडा पिटाळत असतो तेव्हा संगीत मुळीच नसते. फक्त वारा आणि टापा. महाकाय प्राणी सामोरा आला की ताणलेले, धाक घालणारे संगीत सुरू होते. तो प्राण्याच्या अंगावर चढू लागला, डाव आपल्याकडे झुकला की संगीत भव्य आणि वीररसपूर्ण होते. आपल्यालाही स्फुरण चढते, बरे का! आणि प्राणी पडताच ते स्फुरण काढून घेतले जाते आणि शोक सुरू होतो.

या क्रमात सारी खुबी आहे. शोकाचे संगीत आधीपासूनच वाजत असते तर आपण तलवार चालवताना कचरलो असतो. पण आधी संगीत आपल्याला वीर बनवते, आणि मग त्याच वीराला विचारते, ‘झाले समाधान?’ पुढे पुढे लक्षात येते की, यातले सगळेच प्राणी आपल्यावर चालून येत नाहीत. वाळवंटावरून उडणारा तेरावा प्राणी तर आपल्यावर एकदाही हल्ला करत नाही. प्रत्येक वधानंतर काळे दोर वाँडरच्या शरीरात घुसतात आणि तो बेशुद्ध पडतो. त्याचा चेहरा दिवसेंदिवस काळवंडत जातो. एक मन म्हणते, ‘ती जिवंत झालीच पाहिजे.’ दुसरे म्हणते, ‘पण या मुक्या जिवांचे काय?’ पहिल्या मनाचे संगीत चढताना वाजते, दुसऱ्याचे प्राणी पडल्यावर. आणि दोन्ही वेळा बटण दाबणारा हात तुमचाच असतो, म्हणून ते भांडण तुमच्याही मनात उतरते.

कानातले भांडण

पण एखादा स्वरमेळ ताणलेला आणि दुसरा शांत, असे आपल्याला वाटते तरी का? याचे उत्तर काही अंशी भौतिकीत आहे.

समजा, षड्जाची कंपनसंख्या दर सेकंदाला २४० आहे. त्याच्याबरोबर ३६० कंपनांचा पंचम वाजवला. कोणत्याही वाद्यावर वाजवलेला स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म उपस्वर त्याच्यासोबत येतात. षड्जाचे उपस्वर ४८०, ७२०, ९६०. पंचमाचे ७२०, १०८०. पाहा, ७२० दोघांतही आहे! हे दोन स्वर जणू एकमेकांचा हात धरून उभे असतात.

आता पंचमाऐवजी २५६ कंपनांचा कोमल रिषभ षड्जाबरोबर वाजवा. दोन लहरींची कंपने इतकी जवळ असली की त्या कधी एकमेकींना बळ देतात, तर कधी एकमेकींना मारतात. त्यामुळे आवाज लहानमोठा होत राहतो. किती वेळा? दोन कंपनसंख्यांच्या वजाबाकीइतक्या वेळा. २५६ वजा २४०, म्हणजे सेकंदाला १६ वेळा. इतकी जलद थरथर कानाला मोजता येत नाही. ती नुसती खरखरीत लागते. उपस्वरांचेही तसेच. ४८० आणि ५१२ एकमेकांवर घासतात. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बेसूरपणाचे कारण या थरथरीत शोधले होते.

म्हणून नायकाच्या मनात खळबळ दाखवायची असेल तेव्हा संगीतकार जवळजवळचे स्वर एकमेकांवर आदळू देतो, आणि मन शांत झाले की त्यांना मोकळे करून षड्ज-पंचमासारख्या जोडीवर आणून सोडतो. आपल्या शास्त्रीय संगीतात रागातल्या स्वरांना वादी, संवादी, विवादी अशी नावे आहेत. जणू स्वर आपापसांत बोलतात आणि भांडतात!

करून पाहा

हे प्रयोग शाळेतल्या संगीताच्या तासाला सहज होतील. हवी फक्त एक पेटी आणि एक मित्र.

प्रयोग पहिला : पेटीवर पांढरी एक आणि तिला लागून असलेली काळी एक या दोन पट्ट्या एकदम दाबा. आवाजातली खरखर कान देऊन ऐका. आता काळी एक सोडून पांढरी पाच दाबा. खरखर नाहीशी होते. (पेटीचे स्वर जुळवताना ही गुणोत्तरे किंचित बदललेली असतात, तरी फरक स्पष्ट कळतो.)

प्रयोग दुसरा : मित्राला पांढरी एक ही पट्टी दाबून ठेवायला सांगा. तो आपला षड्ज. तुम्ही वरच्या सप्तकात पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा एवढ्याच पट्ट्या सावकाश, खालीवर वाजवा. हे झाले भूप रागाचे स्वर, प्रसन्न, मोकळे. आता मित्राला पांढरी एक सोडून पांढरी तीन दाबून ठेवायला सांगा. तुम्ही एकही नवी पट्टी घ्यायची नाही. त्याच पाच पट्ट्या वाजवा. मात्र तीनपासून सुरुवात करा आणि तीनवरच या. काय ऐकू आले? मालकंसाचे स्वर! गंभीर, अंतर्मुख. आपल्या संगीतात याला मूर्च्छना म्हणतात.

पट्ट्या त्याच, बोटे तीच. बदलला तो केवळ पायाचा स्वर, आणि मन पालटले. एकाच माणसाची दोन मने दाखवायची तर संगीतकाराला दुसरा माणूस आणावा लागत नाही. ओळखीची धून घ्यायची आणि तिच्या खालची जमीन बदलायची, वाद्य बदलायचे, किंवा लय बदलायची. ऐकणाऱ्याला मनोमन कळते की, हा तोच आहे, पण तो नाही.

निसर्ग की सवय?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘मग सगळ्या जगाला एकच स्वर उदास आणि एकच स्वर आनंदी वाटतात का?’ प्रश्न रास्त आहे. बोलिव्हियातील ॲमेझॉनच्या खोऱ्यात त्सिमाने नावाचे लोक राहतात. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा संबंध फारच थोडा आला आहे. जॉश मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांना सुरेल आणि बेसूर स्वरमेळ ऐकवले. त्याचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य श्रोते ज्याला बेसूर म्हणतात तो मेळ त्सिमाने लोकांना सुरेल मेळाइतकाच चांगला वाटला! मात्र निव्वळ खरखरीत आवाज त्यांनाही नकोसाच वाटला.

म्हणजे आवाजाची थरथर हा निसर्गाचा भाग झाला. पण कोणत्या मेळाला ‘गोड’ म्हणायचे हे आपण ज्या संगीतात वाढतो ते बरेचसे ठरवते. विजयाला ढोल, शोकाला संथ सूर हाही शिकलेला संकेतच. आणि संकेत आपल्याला ठाऊक असतो म्हणूनच तो मोडला की आपण दचकतो. वाँडरच्या विजयानंतरचा शोक आपल्याला अस्वस्थ करतो तो त्यामुळेच.

आरशातून निघालेली मुलगी

शेवटी आणखी एका खेळाकडे वळू. वाँडरचे भांडण कधी शब्दांत येत नाही; या खेळातले भांडण मात्र चक्क पळत सुटते. २०१८ साली मॅडी थॉर्सन, नोएल बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेलेस्ट’ हा खेळ प्रसिद्ध केला. संगीत लेना रेन यांचे. मॅडलिन नावाची तरुणी सेलेस्ट नावाचा पर्वत चढायला निघते. तिला नेहमी धास्ती वाटते. ‘हे तुला जमणार नाही’ असे तिच्या आतून कोणीतरी सतत सांगत असते.

दुसऱ्या टप्प्यात ती एका जुन्या, उद्ध्वस्त वस्तीत पोचते. तेथे संगीत संथ आणि गूढ असते. मग एक आरसा येतो. आरसा फुटतो आणि त्यातून तिचीच काळपट जांभळी प्रतिमा बाहेर पडते. संगीताला एकदम जोरकस ताल येतो आणि पाठलाग सुरू होतो. ही प्रतिमा स्वत:चे काहीच करत नाही. मॅडलिनने जी उडी मारली तीच उडी, त्याच जागेवरून, क्षणभर उशिरा मारते. थांबलात की पकडलेच! आपल्याच पावलांचा आपल्यामागे पाठलाग. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्यापैकी कोणाला असे वाटले असेल तर त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे रोपवेचा पाळणा अधांतरी अडकतो आणि मॅडलिनचा श्वास कोंडू लागतो. तिचा सोबती थिओ तिला सांगतो, ‘एक पीस तरंगते आहे अशी कल्पना कर, आणि श्वासाने ते तरंगत ठेव.’ पडद्यावर खरोखरच एक पीस येते आणि बटण दाबून ते वरखाली तरंगत ठेवणे तुमच्याकडे येते. खेळता खेळता तुमचाही श्वास संथ होतो.

मॅडलिनला वाटते, या प्रतिमेला मागे टाकले की आपण सुटलो. ती तसे तिला सांगतेही. तेव्हा संतापलेली प्रतिमा तिला पर्वताच्या पायथ्यापर्यंत खाली लोटते. तेथे तळाशी पडल्यावर मॅडलिनला उमगते की, जिला आपण हाकलतो आहोत ती आपलीच एक बाजू आहे, आणि तीही घाबरलेली आहे. अखेर दोघींचा समेट होतो. त्यानंतर मॅडलिनला हवेत एकाऐवजी दोनदा झेप घेता येऊ लागते. शिखराच्या शेवटच्या चढणीवर वाजणाऱ्या संगीतात पहिल्या टप्प्यावरची ओळखीची धून पुन्हा कानी येते. आरंभी ती एका बुजऱ्या मुलीची वाट होती. आता तिच्यात सगळ्या वाटेचा जोर आहे.

दोन्ही खेळांत नायकाचे मन कोणी भाषण करून सांगितलेले नाही. वाँडरचे संगीत ‘तू जिंकलास’ म्हणायला नकार देते. मॅडलिनचे संगीत पाठलागातून समेटाकडे नेते. आणि दोन्हीकडे ते संगीत पुढे सरकते ते खेळणाऱ्याच्या कृतीने.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या खेळातला किंवा चित्रपटातला दोन मिनिटांचा प्रसंग वर्गात आधी आवाज बंद करून दाखवा, आणि नायकाच्या मनात काय चालले आहे ते प्रत्येकाला वहीत लिहू द्या. मग तोच प्रसंग आवाजासह दाखवा आणि पुन्हा लिहायला सांगा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही एक करा. तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या ज्या धड्यात कोणी तरी जिंकते, तो धडा निवडा. त्या विजयानंतर कोणते संगीत वाजावे, आणि ते ढोल-ताशेच का असावेत, याचा विचार करा. पेटी जवळ असेल तर दोन-चार स्वर वाजवूनही पाहा. भूपाच्या पाच पट्ट्या तुम्हाला आता ठाऊक आहेतच. पाया कोणता धरायचा, ते तुम्ही ठरवा.